अठ्ठावीस पौंडांची तार

"गाडीत ठेवली होतीत," मास्तर म्हणाले. त्यांनी विचारलं नाही, निकालच दिला.

"नाही हो. घरात होती. पलंगाखाली."

"मग पलंगावर ऊन येत असणार."

"पलंगाखाली, मास्तर. आणि आमच्या त्या खोलीला खिडकीसुद्धा नाही."

"झळ, साहेब, झळ. झळेला खिडकी लागत नाही." मास्तरांनी रॅकेट उलटीपालटी करून पाहिली. मधली तार तुटून तिची दोन्ही टोकं मिशांसारखी वर वळली होती. "नवी तार भरून, गटिंग करून किती दिवस झाले?"

"बारा."

बँकवाला एवढंच म्हणाला आणि गप्प बसला. माणूस मवाळ. दिवसभर काउंटरमागे बसून लोकांची बोलणी खायची, त्यामुळे गप्प बसण्यात त्याचा हातखंडा. पण महिन्याभरात तुटलेली ही त्याची तिसरी तार होती. शिवाय दारात क्लबचे मॅनेजर घसा खाकरत उभे होते. ते उगाच खाकरणाऱ्यांपैकी नव्हेत.

"मास्तर, त्या उंच पोराच्या रॅकेटची चौकट तडकली काल," मॅनेजर म्हणाले. "खेळताना नाही. खुंटीला टांगलेली होती."

"हवाच तशी आहे. उन्हाळ्यात तार सैल पडते, मग लोक म्हणतात घट्ट करा, आणि रात्री गारठलं की..."

"हवा सगळ्यांनाच सारखी आहे. चौकातल्या नव्या दुकानात विजेचं मशीन आलंय. तिथल्या रॅकेटी याच हवेत खेळतायत." मॅनेजर उंबरठ्याच्या आत आले. "शनिवारी कमिटी बसतेय. गटिंगचं काम त्यांना द्यावं असं बहुतेकांचं मत आहे. आधीच कानावर घालतोय, मागाहून बोल नको."

"आणि या खोल्या?"

"खोल्या कामाबरोबरच्या आहेत, मास्तर. तुम्हाला काय सांगायचं."

दोघं गेल्यावर मास्तरांनी कात्री घेतली आणि बँकवाल्याच्या रॅकेटची उरलेली जाळी कापायला सुरुवात केली. मधून बाहेर, एक आडवी, एक उभी. एका बाजूनं कापत गेलं तर उरलेल्या तारा चौकटीला पिळून टाकतात. हात आपसूक चालत होते. डोकं मात्र ठिकाणावर नव्हतं.

एकतीस वर्षं. या माणसानं एकतीस वर्षं दुसरं काही केलं नव्हतं. शाळेत कधी कुणाला शिकवलं नाही, पण सगळे त्यांना मास्तर म्हणत, कारण त्यांच्याकडून रॅकेट घेऊन उपदेश न ऐकता कुणी बाहेर पडलं असेल तर शपथ. रॅकेट गाडीच्या डिकीत ठेवायची नाही, डिकी म्हणजे भट्टी. वाऱ्यानं धूळ आली की तारांवरून कोरडा ब्रश फिरवायचा, नाहीतर जिथे तार तारेवर घासते तिथे ती धूळ करवतीचं काम करते. घाम लागला तर पुसायचा. हिवाळ्यात कोर्टवर उतरण्याआधी पंधरा मिनिटं रॅकेट कोटाच्या आत, पोटाशी धरायची, गारठलेली तार पहिल्या फटक्याला दगा देते. आणि खेळ संपला की सुक्या टॉवेलात गुंडाळून कपाटात. एका सदस्यानं एकदा विचारलं होतं, "मास्तर, अंगाईपण म्हणायची का?" त्यावर मास्तर म्हणाले, "म्हटलीत तर बरंच."

क्लबच्या कोर्टाच्या मागच्या भिंतीला लागून दोन खोल्या होत्या. एकीत मास्तरांचं काम, दुसरीत संसार, मध्ये पातळ फळ्यांचा आडोसा. रॅकेटबॉल हा चार भिंतींच्या बंद खोलीतला खेळ. चेंडू कुठल्याही भिंतीवर आपटतो आणि प्रत्येक आपटण्याला आपला आवाज असतो. मास्तर नुसत्या सर्व्हिसवरून सांगत की आत कोण आहे. खालून सपाट, गोळीसारखी आली की बँकवाला. तीन भिंतींना तिरकी टकटक करत गेली की तो उंच पोरगा. आणि समोर उंचावर हळूच टप, मग लांबलचक शांतता, की समजायचं बाई आल्या.

बाई म्हणजे गणिताच्या बाई. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. त्यांची ती उंच सर्व्हिस म्हणजे क्लबात एक दंतकथा होती. चेंडू छताला चाटतोय असं वाटेपर्यंत वर जायचा, समोरच्याच्या डोक्यावरून सावकाश यायचा, मागच्या कोपऱ्यात एकदा टेकायचा आणि तिथेच जीव सोडायचा. मागच्या भिंतीपर्यंत पोचायचाच नाही. भिंतीला लागला तर परत उसळून येतो आणि पोरंटोरंही तो मारतात. बाईंचा लागत नसे. वीस-बावीस वर्षांच्या दांडग्या पोरांच्या नाकी नऊ यायचे. त्या सर्व्हिसमागची तार आपली आहे, याचा मास्तरांना कोण अभिमान.

बाईंची तार अठ्ठावीस पौंडांच्या ताणाची. पण मास्तर आकडा कधी बघत नसत. त्यांचं यंत्र जुनं, हातानं चालवायचं. एक लोखंडी दांडी आणि तिच्यावर सरकणारं वजन. वजन जितकं बाहेर सरकवाल तितकी तार जास्त ताणली जाते. दांडीवर आकडे कोरलेले होते, पण ऐन उमेदीत मास्तरांनी त्यांच्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळून टाकली होती. आकडे नवशिक्यांना. मास्तर तार ताणत, अंगठ्याच्या नखानं छेडत आणि आवाज मनासारखा खणखणीत आला की हात थांबवत. लोक मापाचा काटा आणून परीक्षा घेत. मास्तर छेडून म्हणत, "एकतीस," आणि काटा एकतीसच दाखवी. ही गंमत बघायला माणसं चहा सोडून येत असत.

गेली दोन-तीन वर्षं तार मनासारखी वाजायला वेळ लागत होता. जरा ताणावी, अजून बद्द. अजून जरा. मास्तर म्हणत, हल्ली तारच चांगली येत नाही. हवाही बिघडली आहे.

"अहो," आडोशापलीकडून बायकोचा आवाज आला. मग ती स्वतःच दारात येऊन उभी राहिली. "तिसऱ्यांदा हाक मारतेय. केटली केव्हाची बोंबलतेय, तुमच्या बाजूला आहे, बंद नाही का करायची?"

"ही केटलीपण बिघडली वाटतं. शिट्टी वाजत नाही."

बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं. वर्षभरात ही तिसरी केटली होती, आणि आधीच्या दोन्ही तिनं माळ्यावर जपून ठेवल्या होत्या. ती गॅस बंद करून चहा घेऊन आली. मास्तरांनी तिला शनिवारचं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग?"

"मग काय. बाईंना भेटतो. कमिटीत त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नाही. त्यांची रॅकेटपण तयार आहे, देऊन येतो. दोन महिने फिरकल्या नाहीत. सांधा दुखतो म्हणाल्या होत्या. वय झालं त्यांचंही."

दुसऱ्या दिवशी सकाळीच, ऊन चढायच्या आत, रॅकेट टॉवेलात गुंडाळून मास्तर बाईंच्या घरी पोचले.

बाईंनी दार डाव्या हातानं उघडलं. उजव्या कोपराला जाड पट्टा होता. पाण्याचा ग्लासही त्यांनी डाव्या हातानं पुढे केला आणि थोडं पाणी टेबलावर सांडलं. मास्तरांची नजर कोपराच्या पट्ट्यावर गेली.

"एवढं झालंय, आणि मला काही बोलला नाहीत?"

"कोपरच आहे, मास्तर. मान नाही गेली."

मास्तरांनी कमिटीचं सगळं सांगितलं. हवेचं सांगितलं, विजेच्या मशीनचं सांगितलं, आजकालच्या तारेचं सांगितलं. मग टॉवेल सोडला. "ही तुमची. उन्हाळ्याच्या हिशेबानं केलीय. तुम्ही शनिवारी दोन शब्द बोललात, तर..."

बाईंनी रॅकेट मांडीवर घेतली आणि जाळीवर तळवा ठेवला, तापवाल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग उठून कपाटातून दुसरी रॅकेट काढली. तीही टॉवेलात गुंडाळलेली.

"ही ओळखता?"

"माझीच. पाच-सहा वर्षांपूर्वीची. जादाची म्हणून करून घेतली होतीत."

"तुम्ही सांगितलं तशीच ठेवलीय. एकदाही उन्हात नाही गेली." बाईंनी दोन्ही रॅकेटी टेबलावर शेजारी-शेजारी ठेवल्या. "आता डोळे मिटा, आणि मी छेडते ती कुठली ते सांगा."

मास्तर हसले. हा तर त्यांचा जुना खेळ. त्यांनी डोळे मिटले.

"वाजवा," ते थोड्या वेळानं म्हणाले.

"दोन्ही वाजवल्या, मास्तर."

मास्तरांनी डोळे उघडले. बाईंनी त्यांच्या कानाजवळ आणून पुन्हा छेडली, एक, मग दुसरी. एक बद्द वाजली. दुसरी थोडी बरी, पण तीही बद्दच.

"ही जुनी सैल पडलीय," मास्तर म्हणाले. "आणि ही नवी अजून... जरा ताणायला हवी होती."

बाईंनी मास्तरांचा हात धरून त्यांचा अंगठा नव्या रॅकेटच्या जाळीवर दाबला. जाळी जागची हलली नाही. मग जुन्या रॅकेटवर दाबला. ती अंगठ्याखाली हलकेच दबली आणि परत आली.

"नवी छेडली की किंचाळते, मास्तर. फळीवर बॉल मारल्यासारखा धक्का थेट कोपरात जातो. गेलं वर्षभर असंच चाललंय."

"वर्षभर? मग सांगितलं का नाहीत?"

"दर वेळी सांगायला म्हणून यायचे. तुम्ही मला तारा कशा पुसायच्या ते समजावायचात, इतकं जीव लावून. मी ऐकून घ्यायचे आणि घरी जायचे."

"दुसरीकडून करून घ्यायची होती. चौकात दुकान झालंय."

"ते जमलं नाही मला," बाई म्हणाल्या. "त्यापेक्षा खेळणं थांबवणं सोपं वाटलं. आता डॉक्टर म्हणतात, उजव्या हातानं पुन्हा नाही. चूक माझीही आहे. विद्यार्थ्यानं गणित चुकवलं तर मी वहीवर लाल रेघ मारायला कधी कचरले नाही, आणि तुमच्यापुढे तोंड उघडलं नाही."

बाईंची माफी मागावी असं मास्तरांच्या मनात आलं, पण ती मागायची राहून गेली. त्यांनी नवी रॅकेट टॉवेलात गुंडाळली, काखेत मारली आणि ते भर उन्हात चालत घरी आले. चप्पल काढायचंही त्यांना सुचलं नाही.

यंत्रासमोर बसून त्यांनी दांडीवरची पट्टी नखानं खरवडली. एवढ्या वर्षांत ती लोखंडाशी एकजीव झाली होती. आधी सुरीनं सोडवली, मग रॉकेलच्या बोळ्यानं पुसली. खालून आकडे निघाले. बाईंची रॅकेट करताना लावलेलं वजन अजून तिथेच होतं, त्यानंतर यंत्राला कुणी हात लावला नव्हता. मास्तरांनी चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला.

वजन एकोणचाळीसवर उभं होतं.

बायको फडक्याला हात पुसत दारात आली तेव्हा ते तसेच बसलेले होते. तिनं दांडीकडे पाहिलं. आकड्यांतलं तिला काही कळत नव्हतं, पण नवऱ्याचा चेहरा कळत होता.

"केटल्या चांगल्या आहेत ना गं?" मास्तरांनी विचारलं.

"चांगल्या आहेत."

"तिन्ही?"

"तिन्ही." ती त्यांच्याशेजारी स्टुलावर बसली आणि त्यांना नीट ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलली. "मला काय कळतं तुमच्या कामातलं, म्हणून बोलले नाही. पण पूर्वी तुम्ही तार छेडलीत की मला पलीकडे कसं गार वाटायचं. त्या आवाजावर माझी दुपार जायची. हल्ली दचकायला होतं. मला वाटलं, नवीन तऱ्हा असेल."

"बाईंचं कोपर मी घालवलं," मास्तर म्हणाले. हे वाक्य तोंडून बाहेर पडलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "हवेला शिव्या देत बसलो, आणि त्या बाईचा हात घालवला."

बायकोनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. समजूत घालायला गेली नाही, कारण बोलणं खरं होतं.

संध्याकाळी मास्तरांनी बाईंच्या रॅकेटची नवी जाळी कापून काढली, मधून बाहेर, एक आडवी, एक उभी. मग वजन अठ्ठावीसवर आणलं. हाताला ते पटेना. तार ढिली, बेचव वाटत होती. बोटं आपोआप वजनाकडे जात होती, आणि दर वेळी ते आकडा बघून हात मागे घेत होते. जाळी पुरी झाल्यावर त्यांनी नखानं छेडली. त्यांना जेमतेम काहीतरी पुटपुटल्यासारखं ऐकू आलं.

"कशी वाजते गं?" त्यांनी आडोशाकडे तोंड करून विचारलं.

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. "पुन्हा वाजवा."

त्यांनी छेडली.

"हां," बायको म्हणाली. "ही ती."

शनिवारी कमिटीपुढे मास्तर सगळ्यांत आधी उभे राहिले. मॅनेजरांनी तक्रारींचा कागद काढला होता, तो त्यांना वाचावाच लागला नाही. "हवेचा दोष नव्हता," मास्तर म्हणाले. "माझ्या कानाचा होता. तीन वर्षं मी तुमच्या रॅकेटी आवळत होतो. ज्यांच्या तुटल्या, तडकल्या, त्या मी पुन्हा करून देतो, आता आकडे बघून. त्यानंतर काम कुणाला द्यायचं ते तुम्ही ठरवा." एवढं बोलून ते बाहेर बाकावर जाऊन बसले. आत बराच वेळ कुजबुज चालली. त्यांना ती ऐकू येत नव्हती, आणि त्या दिवशी त्याचं त्यांना बरंच वाटलं.

ठरलं ते असं, की ज्याला चौकात जायचं त्यानं जावं आणि ज्याला मास्तरांकडे यायचं त्यानं इकडे यावं. खोल्यांचं हिवाळ्यानंतर बघू. उंच पोरगा चौकात गेला, आणखी सात-आठ जण गेले. बँकवाला आपली रॅकेट घेऊन आला, टॉवेलात गुंडाळलेली, आणि टेबलावर ठेवून म्हणाला, "पलंगाखालीच होती बरं का." मास्तर म्हणाले, "ठाऊक आहे, साहेब. तुमच्या पलंगाची माफी मागायची राहिलीय." तो पोट धरून हसला आणि मग खुर्ची ओढून तासभर बसला.

उन्हाळा उतरणीला लागला तेव्हा एका सकाळी बाई दारात उभ्या राहिल्या. कोपराला पट्टा तसाच. खांद्याला पिशवी.

"डाव्या हाताला सवय नाही," मास्तर म्हणाले. "मी चोवीसवर करून देतो. हलकी जाईल."

"माझी तार अठ्ठावीसची आहे," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी कपाटातून त्यांची रॅकेट काढून दिली. बाईंनी जाळीवर तळवा ठेवला, मान हलवली आणि त्या कोर्टाकडे गेल्या. थोड्या वेळानं बँकवालाही त्यांच्या मागोमाग आत शिरला.

मास्तर कामाला बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शेवटी त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं, स्टूल मागे सरकवलं आणि कोर्टाच्या मागच्या भिंतीवर तळवा टेकला. भिंत गार होती.

तळव्याखाली धप्प झालं. सर्व्हिस लांब गेली होती, थेट भिंतीवर आदळली होती. मग पुन्हा धप्प. मास्तरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. डावा हात, त्याला अंदाज कुठून येणार. धप्प. आणखी एकदा, जरा हलकं. त्यानंतर बराच वेळ गेला, बाई श्वास घेत असाव्यात. पुन्हा एक, आधीच्यापेक्षा बारीक, भिंतीला नुसतं बोट लावल्यासारखं.

बायको आडोशाच्या बाजूनं आली. तिला आतलं सगळं ऐकू येत होतं आणि काहीतरी सांगायला म्हणूनच ती आली होती. मास्तरांनी डोळे मिटून दुसरा हात वर केला, थांब म्हणून. ती थांबली.

मास्तर मनात मोजत होते. आता चेंडू वर गेला असेल. आता छताजवळ. आता बँकवाला मागे सरकत असेल, मान वर करून. आता कोपऱ्यात.

भिंतीला काहीच लागलं नाही.

ते आणखी थोडा वेळ तसेच बसून राहिले. मग त्यांनी हात खाली घेतला, चष्मा लावला आणि पुढची रॅकेट उचलली.